सापळ्यातली दुसरी गोळी

"मॅडम, आजून किती वेळ मोजायचं हाय त्यानला?"

प्रश्न बांधावरून आला. मी पेडगावातल्या एका कपाशीच्या शेताकडे पाठ करून उभी होते. समोर निम्मे गाव होते. माझ्या हातात पतंग पकडण्याचा प्लास्टिकचा सापळा होता. पाठीमागे, छातीएवढ्या पऱ्हाटीत, आमच्या विभागप्रमुख शैलजा मॅडम आणि शेताचे मालक अंकुशराव नागमोडी वाटेने चालत होते.

"सॅम्पलिंग आहे," मी म्हणाले. "शास्त्रीय काम आहे. वेळ लागतोच."

हे खरे नव्हते. एका एकराचे सॅम्पलिंग सराईत माणूस कपातला चहा निवण्याच्या आत उरकतो. शिवाय माझ्या ॲप्रनच्या खिशात एक छोटी वस्तू होती. ती मॅडमच्या हातात पडली असती, तर माझ्या अंदाजाने त्या तडक जीपमध्ये बसून परभणीला परतल्या असत्या, आणि अंकुशरावांचे नाव त्यांच्या तोंडी पुन्हा आले नसते. हे दोन्ही घडू नये म्हणून मी बांधावर उभी राहून व्याख्यान देत होते. विषय होता नर पतंगाचे मादीकडे आकर्षण.

हे कसे घडले ते कळण्यासाठी आमचे काम थोडे समजून घ्यावे लागेल.

मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि परभणीतल्या एका कृषी संशोधन केंद्रात असिस्टंट आहे. आमच्या विभागाचे मुख्य काम म्हणजे गुलाबी बोंडअळीवर पाळत. ही अळी कपाशीच्या हिरव्या बोंडात शिरते आणि आतून सरकी खाते. बाहेरून बोंड ठणठणीत दिसते. म्हणून आम्ही अळीच्या मागे न लागता तिच्या आईबापांच्या मागे लागतो. शेतात कामगंध सापळे लावतो. सापळ्यात रबराची एक लहानशी वस्तू असते. तिला आम्ही ल्यूर म्हणतो, शेतकरी गोळी म्हणतात. तिला मादी पतंगासारखा गंध असतो. नर त्या गंधावर येतो आणि खालच्या पिशवीत पडतो. सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे आणि केंद्राला फोनवर आकडा कळवायचा. सलग तीन रात्री आठ किंवा त्याहून जास्त पतंग पडले, तर आमच्यापैकी कोणीतरी शेतावर जाऊन बोंडे फोडून पाहायची आणि फवारणीचा सल्ला द्यायचा. नियम एवढाच आहे.

आता अंकुशरावांविषयी. ते आमचे प्लॉटधारक, म्हणजे ज्यांच्या शेतात आमचा सापळा असतो ते शेतकरी. वय पंचावन्नच्या आसपास. पत्नी आजारपणात गेली, त्याला काही वर्षे झाली. मुलगा पुण्यात नोकरीला. घरात ते आणि त्यांच्या वृद्ध आत्या. तीन हंगाम ते न चुकता फोन करत आले. फोन विभागाच्या मधल्या टेबलावर असतो आणि त्याचा रिसीव्हर बिघडलेला असल्याने तो स्पीकरवरच चालतो. त्यामुळे त्यांचे बोलणे आम्हा सर्वांना पाठ झाले होते.

"नमस्कार मॅडम, पेडगाव. आज चार."

"ठीक आहे. पानांवर काही?"

"काही न्हाई जी. बरं हाय सगळं."

मग दोन्हीकडे थोडी शांतता. मग फोन बंद.

पहिली शंका मला मागच्या उन्हाळ्यात आली. कपाशी निघाली. पऱ्हाट्या उपटून झाल्या. रान रिकामे झाले. बाकीच्या प्लॉटधारकांनी सापळे काढून माळ्यावर टाकले. पेडगावचा फोन मात्र चालूच राहिला.

"नमस्कार मॅडम, पेडगाव. आज शून्य."

दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. मी मॅडमना म्हणाले, "मॅडम, शेतात पीकच नाही. या डेटाचा उपयोग काय?"

"शून्य हाही डेटाच असतो, कीर्ती," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ते शून्य मोठ्या गांभीर्याने संगणकात भरले.

मी वैज्ञानिक आहे. इतक्या शून्यांमागे काहीतरी कारण असणार, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

शैलजा मॅडम बावन्न वर्षांच्या आहेत. पंचवीस वर्षांचा संसार करून त्या आणि त्यांचे पती परस्पर संमतीने वेगळे झाले. मी एकदा धीर करून कारण विचारले होते. त्या म्हणाल्या, "भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडायला निदान बोलावं लागतं." त्यांची मुलगी बंगळुरूला असते. तिनेच आईचे नाव दुसऱ्या लग्नाच्या एका संकेतस्थळावर घातले. त्यातून आलेल्या स्थळांच्या हकिकती मॅडम मला डबा खाताना सांगायच्या. नांदेडच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने पहिल्याच फोनवर गुडघ्यांची चौकशी केली. लातूरच्या एकाने धपाटे करता येतात का ते विचारले आणि उत्तर ऐकण्याआधी स्वतःच्या आईच्या धपाट्यांविषयी बोलत राहिला. तिसरा रोज सकाळी गुलाबाची चित्रे पाठवायचा.

"तुम्हाला नक्की कसा माणूस हवा आहे?" मी विचारले. निकष ठरवल्याशिवाय निवड करता येत नाही, असे माझे मत आहे.

मॅडमनी चमचा खाली ठेवला. "माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारा."

"एवढाच निकष?"

"पंचवीस वर्षं अर्धी वाक्यं बोलून बघ. मग सांग एवढाच आहे का ते."

त्यांचा आणखी एक निकष होता, पण तो त्यांना सांगावा लागत नसे. खोटा आकडा त्या सहन करत नाहीत. एका प्रोजेक्ट असिस्टंटने लिंबाच्या झाडाखाली बसून पतंगांचे आकडे मनाने भरले होते. मॅडमनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवले. तो रडला, त्याचे वडील येऊन रडले. मॅडम म्हणाल्या, "पाऊस पडला नाही, पीक आलं नाही, तर मी समजू शकते. आकडा खोटा आला तर माझ्याकडे उरतं काय?"

या नोव्हेंबरमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. संचालक साहेबांनी मॅडमना विदर्भातल्या एका केंद्राच्या प्रमुखपदाची ऑफर दिली. सोमवारपर्यंत उत्तर हवे होते. आणि पेडगावचा आकडा अचानक चढला. चारावर असलेला सापळा अकरावर गेला. मग बारा. मग पुन्हा अकरा.

शोधनिबंधाच्या शेवटी लेखकाला आपले हितसंबंध जाहीर करावे लागतात. मी ते मध्येच करते. मॅडम गेल्या असत्या तर विभागाचा प्रभार माझ्याकडे आला असता. मला तो हवा होता. आजही हवा आहे.

शुक्रवारी सकाळी आम्ही जीपमध्ये बसलो. गाडी शहराबाहेर पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "कीर्ती, आजच्या व्हिजिटला आणखी एक अजेंडा आहे."

मी मांडीवरची वही मिटली.

"मला अंकुशरावांशी बोलायचंय. स्पीकरवर नाही. समोरासमोर. आजवर त्यांना मी दर वेळी चाळीस शेतकऱ्यांच्या घोळक्यातच भेटले आहे."

"मग मोबाईलवर का नाही बोललात?"

"मोबाईलवर बोललं की ते कामाचं राहत नाही."

"मग कुठेतरी चहाला भेटायचं."

"परभणीत? चहा यायच्या आत बातमी स्टेशन रोडला पोचेल. आज बोलणं झालं तर झालं. नाही तर सोमवारी मी साहेबांना हो सांगणार आहे. या वयात फोनकडे कान लावून बसायचं मला बरं वाटत नाही."

ड्रायव्हर सय्यदभाई रस्त्याकडे पाहत होते. त्यांनी आरसा किंचित वर केला, मॅडमचा चेहरा दिसू नये इतपत. "मेरे को कुछ सुनाई नहीं देता मॅडम," ते म्हणाले. "इंजिनचा आवाज लय हाय."

मी वही उघडून पेडगावचे आकडे पुन्हा वाचू लागले. एकही डोक्यात शिरला नाही.

पेडगावला पोचलो आणि योजना कोसळली. शेताच्या बांधावर माणसेच माणसे. पुरुष, बायका, दुपट्यातली पोरे. अंकुशराव स्वच्छ पांढरा सदरा घालून, खाली मान घालून मध्ये उभे. केंद्राची जीप दिसली की गावाला वाटते मेळावा आहे. हे नेहमीचेच होते, पण इतकी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी मला हळूच विचारले, "आता?"

मी आधी सापळा तपासला, कारण पद्धत तशी आहे. झाकण उघडले आणि आत दोन ल्यूर दिसले.

एका सापळ्यात एकच ल्यूर असतो. दोन लावले की पतंग दुप्पट येतीलच असे नाही, पण आकड्याला काही अर्थ राहत नाही. अकरा, बारा, अकरा हे सगळे आकडे बाद. म्हणजे आजच्या व्हिजिटचे कारणच बनावट होते. कोणीतरी मॅडमना इथे आणण्यासाठी सापळ्यात हात घातला होता. आणि ते कोण असेल याविषयी माझ्याकडे एकच उमेदवार होता. तो पांढऱ्या सदऱ्यात समोर उभा होता.

नियमानुसार मी ते तिथेच सांगायला हवे होते. सांगितले असते तर मॅडम विदर्भात गेल्या असत्या आणि मी प्रभारी झाले असते. मी दुसरा ल्यूर काढून खिशात टाकला. का, ते मी अजून स्वतःला नीट समजावून सांगू शकलेले नाही. मला इतकेच वाटले, की बोलणे तर होऊ द्यावे. निष्कर्ष नंतर काढता येतात.

मग मी मागे वळून मोठ्याने म्हणाले, "सगळ्यांनी बांधावरच थांबा! आत फक्त दोघे जातील. शास्त्रज्ञ आणि मालक. गर्दी आत गेली की किडे हलतात आणि सॅम्पल बिघडते."

शास्त्रीयदृष्ट्या हे अर्धसत्य आहे. बोंडातली अळी गर्दी पाहून कुठेही जात नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मग बोंडांची पिशवी उचलली आणि त्या पऱ्हाटीत शिरल्या. अंकुशराव मागोमाग गेले. आणि मी सापळा हातात घेऊन गावाला शिकवू लागले.

"मादी पतंग रात्री विशिष्ट गंध सोडते. नर तो गंध घेत लांबून येतो."

"किती लांबून?" एका माणसाने विचारले.

"वारा कसा आहे त्यावर ठरते."

"सेलूहून येईल का?"

"इतक्या लांबून नाही."

"मग सेलूचा जावई परवडला. त्यो तर दर शनवारी येतो."

हशा झाला. पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. डोईवर पदर, हातात काठी, कोऱ्या लुगड्याची घडी अजून मोडलेली नव्हती. तिने विचारले, "आन मादी कुटं जात न्हाई का?"

"नाही आजी. ती जागेवरच बसते. नरच येतो."

"मंग हितं उलटंच झालं की," म्हातारी म्हणाली. "हितं मादीच जीपमंदी बसून आली."

बांधावर माना खाली गेल्या. कोणीतरी तोंडात पदर कोंबला.

तेव्हा मला एक गोष्ट दिसली. ती मला जीपमधून उतरतानाच दिसायला हवी होती. आमच्या मेळाव्याला कोणीही रिकाम्या हाताने येत नाही. कोणी लाल पडलेले पान आणतो, कोणी किडके बोंड, कोणी रुमालात बांधलेली अळी. आज एकाच्याही हातात काहीही नव्हते. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या. हा मेळावा नव्हता. हा पाहण्याचा कार्यक्रम होता.

"तुम्हाला... माहीत आहे?" मी विचारले.

"पोरी, लय दिस झाले," म्हातारी म्हणाली. "म्या ह्याची आत्या, गया. उन्हाळ्यात रिकाम्या रानात जाऊन हा सापळ्यात डोकं घालून बसायचा. येताना हसत यायचा. आत काय तर काहीच न्हाई! मंग गावाला कळणार न्हाई का?"

"मग तुम्ही माझे व्याख्यान का ऐकत होतात?"

"तू येवढी जीव तोडून सांगायलीस. मधी कसं बोलावं?"

माझ्या हातातून सापळा निसटला. गयाआत्याने तो उचलून दिला आणि डोळे बारीक करून आत पाहिले.

"ती दुसरी गोळी कुटं गेली?"

मी खिशावर हात ठेवला.

"हां, तूच काढली व्हय. म्याच टाकली हुती ती. फोडलेल्या पाकिटात एक उरली हुती. आठाच्या वर गेल्याबिगर मॅडम सोता येत न्हाईत, असं अंकुश बोलायलता. आन एका गोळीवर चार-पाचच पडायलते. म्हनलं, औषध कमी पडलं की आपण डोस वाढवतोच की."

आमच्या भागात फवारणीचे औषध डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्तच घालतात. सांगून आमचा घसा बसला आहे. पण हा उपाय ल्यूरलाही कोणी लावील, ही शक्यता आमच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हती.

"अंकुशरावांना ठाऊक आहे?"

"त्याला कशाला सांगू? त्यो लय खरं बोलणारा. सगळं नासवून टाकील."

आता परिस्थिती अशी होती. अंकुशराव निर्दोष होते, पण आकडा खोटा होता. हे मी मॅडमना सांगणारच होते, आणि इतक्या उशिरा सांगितल्याने त्यांना ते लपवाछपवीसारखे वाटणार होते. मी वळून शेताकडे पाहिले. आता गावाकडे पाठ करायला हरकत नव्हती.

दोघे शेताच्या मध्यावर उभे होते. मॅडमचे हात हलत होते. त्या बोलत होत्या. अंकुशराव एका हाताने पऱ्हाटीचा शेंडा धरून नुसते उभे होते.

"अंकुश तर काहीच बोलंना," मघाचा माणूस म्हणाला. "गेलं आता हे स्थळ."

"आरं बोल की मुडद्या," गयाआत्या पुटपुटली.

"बोलू नका," मी म्हणाले. "अजिबात बोलू नका."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. निकष फक्त मला माहीत होता. मॅडमचे हात हलत राहिले. मध्येच थांबले, पुन्हा हलले. अंकुशराव तसेच. मी आयुष्यात अनेक प्रयोगांच्या निकालांची वाट पाहिली आहे. एकाही प्रयोगात मी अशी टाचा उंचावून उभी राहिले नव्हते.

तेवढ्यात रस्त्यावरून एक टेम्पो आला. त्यावर भोंगा आणि पुढे सरपंच. गावात एका माणसाला काही ठाऊक नव्हते, आणि तो नेमका हा होता. त्यांना खरोखरच मेळावा वाटला होता. हातात शाल, नारळ आणि हार. "मॅडम कुटं हायेत? हां, त्या काय! चला, आधी सत्कार करून घेऊ." ते पऱ्हाटीत पाय टाकणार, इतक्यात मी आडवी झाले.

"सॅम्पलिंग चालू आहे!"

"आवो, दोन मिंटाचं काम हाय."

मी गयाआत्याकडे पाहिले. गयाआत्याने गावाकडे पाहिले.

"सरपंच," आत्या म्हणाली, "येवढी मान्सं जमलीत. आधी तुमीच दोन शब्द बोला की."

"बोला, बोला!" बांधावरून आवाज उठला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माईक हातात दिला. सरपंच लाजले, घसा खाकरला, आणि सुरू झाले. गावाचा रस्ता कसा झाला, बोअर कसे पाडले, विरोधक काय म्हणाले, त्यांना काय उत्तर दिले. ते दम घ्यायला थांबले की गाव टाळ्या वाजवी. सरपंचांना आयुष्यात असे श्रोते मिळाले नव्हते. त्यांचे डोळे पाणावले.

मी शेताकडे पाहत होते. मॅडमचे हात आता खाली होते. अंकुशरावांनी काहीतरी म्हटले. फार छोटे वाक्य असावे. आणि मॅडम हसल्या. मान मागे टाकून, मोठ्याने, भोंग्याच्या वर ऐकू जाईल अशा. पाच वर्षांत मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते.

सरपंच थबकले. "काय झालं?"

"सॅम्पलमध्ये काहीतरी सापडले असेल," मी म्हणाले. माझा आवाज भलत्याच पट्टीत गेला होता. गयाआत्याने काठी टाकून माझा हात धरला.

दोघे बाहेर आले. मॅडमच्या केसांत कापसाचा धागा अडकला होता. त्यांनी गंभीर चेहऱ्याने पिशवी माझ्याकडे दिली. सॅम्पलसाठी वीस हिरवी बोंडे लागतात. पिशवीत तीन होती.

मी मॅडमकडे पाहिले. मॅडमनी आकाशाकडे पाहिले.

"उरलेली तू तोडून आण," त्या म्हणाल्या.

मी तोडून आणली. सगळ्यांसमोर एकेक बोंड फोडले. एकाच बोंडात अळी निघाली. हे प्रमाण फवारणीच्या पातळीच्या खाली होते. मॅडमनी माईकवरून जाहीर केले की पेडगावला आज फवारणीची गरज नाही. सरपंचांनी शाल घातली. गावाने पुन्हा टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच.

माणसे पांगू लागली तेव्हा मी मॅडमना सापळ्यापाशी बाजूला नेले. खिशातून ल्यूर काढला. "मॅडम, एक गोष्ट सांगायची आहे. सापळ्यात..."

"दोन होते ना?" मॅडम म्हणाल्या. "ठाऊक आहे."

"कसे?"

"पऱ्हाटीत शिरल्याबरोबर त्यांनी पहिलं वाक्य तेच सांगितलं. त्यांना आज सकाळीच दिसले. म्हणाले, 'मॅडम, गेल्या तीन दिसांचे आकडे धरू नका. गोळ्या दोन हायेत. म्या काढल्या न्हाईत, तुमी डोळ्यानं बघावं म्हनून तशाच ठिवल्या. आता तुमची यायची गरज नव्हती, ते बी खरं हाय.'"

"मग तुम्ही परत का नाही आलात?"

"येणारच होते," मॅडम म्हणाल्या. "पण एवढं बोलून ते गप्प उभे राहिले. मी काय म्हणते त्याची वाट बघत. मग मी बोलायला लागले. कीर्ती, मी कुठून कुठून अर्धी राहिलेली वाक्यं आज पूर्ण केली, मलाच कळलं नाही."

"आणि हसलात कशाला?"

मॅडम पुन्हा हसल्या. "खूप वेळाने ते म्हणाले, 'झालं का तुमचं? मंग म्या बोलू?'"

"मग काय बोलले?"

"रोज रेडिओ लावून जेवतात. रेडिओ चांगलं बोलतो, म्हणाले, पण त्याला काही विचारता येत नाही."

आम्ही परतीची वाट धरली. सय्यदभाईंनी आरसा पुन्हा खाली केला होता. गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "मॅडम, जाताना इंजिनचा आवाज लय होता. आता गाडी एकदम बढिया चालायलीय."

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये फाइल घेऊन उभी असतानाच मॅडम आल्या.

"सर, ऑफरबद्दल आभार. मी इथेच राहते."

"कारण?"

"स्थानिक आहे."

"म्हणजे कौटुंबिक?"

"अजून नाही सर. पण त्या दिशेने काम चालू आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "प्रगती कळवत राहा," ते म्हणाले. आमच्याकडे प्रत्येक कामाला हेच उत्तर असते.

मला प्रभार मिळाला नाही. निदान तेव्हा नाही. पेडगावचे ते तीन आकडे मॅडमनी स्वतः डेटामधून काढून टाकले. रोजचा फोन चालू राहिला, पण मंगळवारी तो येईनासा झाला. मंगळवारी अंकुशराव आकडा घेऊन स्वतः परभणीला येऊ लागले. चहा कुठे होतो, ते मी विचारले नाही. स्टेशन रोडला सगळे ठाऊक आहे, असे सय्यदभाई म्हणतात, आणि कोणाचेही काही बिघडलेले नाही.

कपाशीची शेवटची वेचणी झाल्यावर त्यांनी कोर्टात लग्न केले. बंगळुरूहून मुलगी आली, पुण्याहून मुलगा आला. गयाआत्या कोरे लुगडे नेसून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि भेटेल त्याला डोसचे महत्त्व समजावत होत्या. मॅडमनी दोन आठवड्यांची रजा टाकली. त्या काळात विभागाचा प्रभार माझ्याकडे आला. ऑर्डरवर माझे नाव होते. मी ती घरी नेऊन आईला दाखवली.

प्रभारी म्हणून मी एकच काम केले. सापळ्यांच्या मार्गदर्शिकेत दोन ओळींची भर घातली. एका सापळ्यात एकच ल्यूर लावावा. उरलेले ल्यूर प्लॉटधारकाच्या घरातील ज्येष्ठ व्यक्तींच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावेत.

मॅडम रजेवरून आल्या. त्यांनी दोन्ही ओळी शेवटपर्यंत वाचल्या. मला वाटले दुसरी ओळ खोडतील. त्यांनी काहीही न बदलता खाली सही केली आणि फोनकडे हात नेला. पेडगावचा रोजचा फोन अजून वाजायचा होता.